विभागासाठी मास स्पेक्ट्रोमीटर घ्यायचा तर आधी सॅम्पलची वही काढा

मॅडम, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाला मास स्पेक्ट्रोमीटरसाठी, म्हणजे रेणूंचे विद्युतभारित आयन करून त्यांचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रासाठी, साधारण दीड कोटी रुपये मिळायची चिन्हं आहेत. आठ मार्गदर्शकांपैकी चौघांना क्यूटॉफ (वस्तुमान अगदी अचूक मोजणारा महाग प्रकार) हवा आहे, दोघांना जीसी-एमएस (मिश्रण आधी वायुरूपात वेगळं करून मग मोजणारा) आणि एकाला माल्डी (लेसरने आयन करणारा, पॉलिमरसारख्या मोठ्या रेणूंसाठी). आठव्यांचं म्हणणं, काहीही घ्या पण ३१ मार्चच्या आत घ्या. एम.एस्सी.च्या मुलांना प्रात्यक्षिकात वापरता येईल असा हवा, ही तुमची स्वतःची अट. शिवाय एक औषध कंपनी आपला जुना एलसी-एमएस (मिश्रण द्रवात वेगळं करून मोजणारा) फुकट द्यायला तयार आहे, तो घ्यावा का, असंही तुम्ही विचारलंय.

उत्तर आधी सांगतो, कारणं मागून. तुमच्याकडे संश्लेषणाचं काम जास्त, मुलं पुष्कळ, आणि उपकरणासाठी स्वतंत्र ऑपरेटरचं पद नाही. अशा विभागाने एक दणकट सिंगल क्वाड्रुपोल (पूर्णांकातलं वस्तुमान देणारा साधा प्रकार) जीसी-एमएस घ्यावा, जोडीला एक छोटा सिंगल क्वाड्रुपोल एलसी-एमएस घ्यावा, आणि एचआरएमएस, म्हणजे दशांशातलं अचूक वस्तुमान, बाहेरून करून आणावं. क्यूटॉफवाल्या चौघांना हे रुचणार नाही याची मला कल्पना आहे. त्यांच्याशी वाद घालण्याआधी एक काम करा. गेल्या दोन वर्षांत विभागातून बाहेर गेलेल्या प्रत्येक मास सॅम्पलची नोंद काढा. चंदीगडला पंजाब विद्यापीठाच्या सैफमध्ये (बाहेरची सॅम्पलं शुल्क घेऊन तपासणारं सामायिक उपकरण केंद्र) किती गेली, आयआयटी मुंबईच्या सैफला किती, खासगी प्रयोगशाळेत किती, कोणाची गेली, कशासाठी गेली. बिलं लेखा विभागात असतात, बाकीचं विद्यार्थ्यांच्या नोंदवह्यांत सापडतं.

ही यादी समोर आली की बहुतेक विभागांत एकच चित्र दिसतं. बहुसंख्य सॅम्पलमागचा प्रश्न साधा असतो: माझी रिॲक्शन झाली का, आणि जे मिळालं त्याचं वस्तुमान अपेक्षेइतकं आहे का? त्याला पूर्णांकातलं वस्तुमान पुरतं. एचआरएमएस लागतं ते पेपर पाठवताना, तेही शेवटच्या शुद्ध संयुगांचं. नियतकालिकं साधारणपणे ५ पीपीएमच्या, म्हणजे दशलक्षात पाच भागांच्या, आतला मेळ मागतात. म्हणजे ४०० वस्तुमानाच्या आयनासाठी फरक ०.००२ च्या आत हवा. हे काम सिंगल क्वाड्रुपोलचं नाही, कबूल. पण एका पीएच.डी.मध्ये अशी संयुगं तीस-चाळीस असतात, आणि रिॲक्शन झाली का हे पाहायची सॅम्पलं शेकड्यांनी. रोजच्या कामाचं उत्तर विभागात त्याच दिवशी मिळावं आणि पेपरच्या वेळचं उत्तर आठवड्याने बाहेरून आलं तरी चालावं, हा हिशोब मला पटतो. याच्या उलट केलेले विभाग मी पाहिलेत. तिथे क्यूटॉफ कुलूपबंद खोलीत असतो, त्याला हात लावायची परवानगी दोघांना असते, आणि मुलं रिॲक्शन झाली का ते टीएलसीच्या पट्टीवरचे ठिपके पाहून अंदाजाने ठरवत बसतात.

यादीत नैसर्गिक अर्कांतली अनोळखी संयुगं शोधणारे दोन-तीन गट निघाले, तर मात्र माझं मत बदलेल. तिथे अचूक वस्तुमान आणि एमएस-एमएस (आयन फोडून त्याचे तुकडे मोजणं) दोन्ही रोज लागतात आणि क्यूटॉफ किंवा ऑर्बिट्रॅप या दुसऱ्या अचूक यंत्राला पर्याय नाही. अवशेषांचं मोजमाप, म्हणजे अमुक कीटकनाशक किती नॅनोग्रॅम, हा प्रश्न असेल तर ट्रिपल क्वाड्रुपोल, म्हणजे ठरावीक आयनाचा ठरावीक तुकडा मोजणारा. नॅनोकणांवर काम करणारे सहकारी ‘मास’ म्हणतात तेव्हा त्यांना पुष्कळदा धातूंचं प्रमाण हवं असतं. त्यासाठी आयसीपी-एमएस लागतो, ते वेगळंच यंत्र आहे. हे बैठकीतच स्पष्ट करून घ्या. माल्डी एकट्या पॉलिमरवाल्या सरांसाठी घेऊ नका.

उपकरण सॅम्पलवरून ठरतं, हे आपल्या द्राक्ष बागायतदारांना २०१० साली महागात शिकायला मिळालं. त्या वर्षी युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडलं आणि कंटेनर अडकले. हे वेलीची वाढ रोखणारं संजीवक. रेणू लहान आणि मुळातच धनभारित, त्यामुळे तो जीसीमध्ये वाफ होऊन पुढे जातच नाही, आणि शेकडो कीटकनाशकं एकदम तपासायच्या नेहमीच्या निष्कर्षण पद्धतीतही नीट उतरत नाही. एलसी-एमएस-एमएसवर वेगळी पद्धत बसवली की त्याच्या १२२ च्या आयनाचा ५८ चा तुकडा स्वच्छ दिसतो. यंत्र कितीही भारी असलं तरी सॅम्पल त्यात आयन होऊन उतरलं नाही तर पडद्यावर काहीच दिसत नाही. म्हणून खरेदी समितीत पहिला प्रश्न रिझोल्यूशनचा (जवळजवळची वस्तुमानं वेगळी दाखवायच्या क्षमतेचा) नको. आमची संयुगं कोणत्या सोर्समध्ये, म्हणजे यंत्राच्या आयन करणाऱ्या भागात, आयन होतात, तो हवा. बाष्पनशील, उष्णतेला टिकणारी असतील तर ईआय, म्हणजे इलेक्ट्रॉनचा मारा. ध्रुवीय, अमाइन किंवा आम्ल गट असलेली असतील तर ईएसआय, म्हणजे द्रावणाचा विद्युतभारित फवारा. ध्रुवीयता कमी पण जीसीला जड असतील तर एपीसीआय, म्हणजे द्रावणाची वाफ करून तिला विद्युतभार देणं. संश्लेषणवाल्यांची संयुगं या तिन्ही प्रकारांत विखुरलेली असतात, म्हणून मी एक महाग यंत्र न सांगता दोन साधी सांगतोय. एलसी-एमएसला ईएसआय आणि एपीसीआय दोन्ही सोर्स मागा. जीसी-एमएसला डायरेक्ट प्रोब (सॅम्पल थेट सोर्समध्ये नेणारी दांडी) ऐच्छिक म्हणून किंमत मागवा, जीसीतून न जाणाऱ्या घन पदार्थांना तो उपयोगी पडतो.

आता पैशाचं. दीड कोटी मंजूर झाले म्हणजे दीड कोटीचं उपकरण आलं, असं होत नाही. संशोधन संस्थांना पूर्वी ५ टक्के जीएसटी होता, ती सवलत १८ जुलै २०२२ पासून गेली आणि आता १८ टक्के लागतो. दीड कोटीला १.१८ ने भागा, मूळ किंमत उरली १ कोटी २७ लाख. त्यातच यूपीएस, नायट्रोजन जनरेटर, एसी, गॅसच्या लाइन्स आणि काही वर्षांची देखभाल बसवायची. चांगला क्यूटॉफ त्याच्या एलसीसकट आज दोन-अडीच कोटींच्या घरात जातो. १ कोटी २७ लाखांत तो बसवायला गेलात तर सगळ्यात खालचं मॉडेल, वर्षभराची वॉरंटी आणि नायट्रोजनसाठी ‘विद्यापीठ व्यवस्था करेल’ असं आश्वासन, एवढंच पदरात पडेल. सिंगल क्वाड्रुपोल जीसी-एमएस आणि एलसी-एमएस साधारण पन्नास-पन्नास लाखांच्या आसपास धरले, तर दोन्ही घेऊन जागेसाठी थोडं शिल्लक राहतं. बांधकाम आणि वीजजोडणीचा खर्च अनुदानात बसतो का, हे मंजुरीपत्रात शब्दशः वाचा. बसत नसेल तर विद्यापीठाच्या निधीतून तरतूद आधी करून घ्या, उपकरण आल्यावर नव्हे.

गॅसचा हिशोब कोणी मांडत नाही, म्हणून मी इथे मांडतो. ७ घनमीटरचा सिलिंडर म्हणजे ७,००० लिटर. ईएसआय सोर्सला मिनिटाला साधारण १५ लिटर नायट्रोजन धरा. ७,००० ला १५ ने भागलं की ४६६ मिनिटं, म्हणजे आठ तासही नाहीत. सकाळी लावलेला सिलिंडर संध्याकाळी रिकामा. तेव्हा नायट्रोजन जनरेटर ही ऐच्छिक वस्तू नाही, ती एलसी-एमएसचाच भाग म्हणून निविदेत घाला, कॉम्प्रेसरसकट. आणि कॉम्प्रेसर खोलीबाहेर ठेवा, नाहीतर त्या आवाजात कोणी काम करणार नाही.

जीसीत सॅम्पल वाहून नेणाऱ्या हीलियमचं गणित याच्या उलट, तिथे काटकसर जमते. कॉलममधून, म्हणजे मिश्रण वेगळं करणाऱ्या बारीक नळीतून, जातो मिनिटाला १ मिली. पण स्प्लिट (कॉलममध्ये जाणारा आणि बाहेर सोडला जाणारा भाग यांचं प्रमाण) १:५० ठेवून गॅस सेव्हर (बाहेर जाणारा गॅस कमी करणारी सोय) बंद असेल तर एकूण ५४ मिली जातात आणि तेवढाच हीलियमचा सिलिंडर ९० दिवसांत संपतो. गॅस सेव्हर लावून सरासरी २५ मिलीवर आणलं तर १९४ दिवस पुरतो. भारतात हीलियम जवळपास सगळा आयात होतो आणि त्याचे भाव कधी उसळतील सांगता येत नाही. हायड्रोजनवर जीसी-एमएस चालतो, पण ईआय सोर्समध्ये काही संयुगांशी हायड्रोजनची अभिक्रिया होते आणि स्पेक्ट्रम (वस्तुमानांचा आलेख) लायब्ररीशी, म्हणजे ज्ञात संयुगांच्या स्पेक्ट्रमच्या संग्रहाशी, जुळेनासा होतो. शिकवायच्या उपकरणाला तो घोळ नको.

विजेचं सांगायला नको, आपण महाराष्ट्रात राहतो. यंत्रातली हवा काढणारा टर्बो पंप मिनिटाला हजारो फेरे घेत असतो. वीज गेली आणि यूपीएसही संपला तर निर्वात अवस्था नियंत्रणाबाहेर मोडते, हवा आणि बाष्प आत जातं, आणि पुन्हा पायावर यायला एक-दोन दिवस लागतात. महावितरणचा देखभालीचा वार दर आठवड्याला येतोच. यूपीएस निदान तासाभराचा हवा आणि मागे आपोआप सुरू होणारा डिझेल जनरेटर. अर्थिंग स्वतंत्र काढा, आणि न्यूट्रल व अर्थ यांच्यामधला व्होल्टेज कंपनीच्या इंजिनिअरसमोर मोजून कागदावर घ्या, कारण पुढे एखादं बोर्ड जळालं की पहिलं बोट तिथेच दाखवलं जातं. एसी दोन बसवा, आळीपाळीने चालणारे. रोटरी पंपाचा धूर नळीने खिडकीबाहेर काढा. आणि हे क्षुल्लक वाटेल, पण दाराची रुंदी मोजा. खोके लिफ्टमध्ये मावत नाहीत म्हणून जिन्यात पडून राहिल्याचं मी पाहिलंय.

निविदेतल्या तांत्रिक बाबी कंपनीच्या माहितीपत्रकातून उचलू नका. ते सगळ्यांना लगेच ओळखू येतं, दुसरी कंपनी हरकत घेते आणि दोन महिने जातात. शिवाय माहितीपत्रकातले काही आकडे फसवे असतात. जीसी-एमएसची संवेदनशीलता १ पिकोग्रॅम ऑक्टाफ्लुओरोनॅफ्थलीन देऊन २७२ च्या आयनावर सिग्नल-टू-नॉइजमध्ये (संकेत पार्श्वभूमीच्या खळबळीच्या किती पट आहे त्यात) सांगतात. नॉइज मोजायला बेसलाइनचा कोणता तुकडा निवडला यावर तो आकडा कितीही फुगतो. त्याऐवजी ओळीने आठ इंजेक्शनं देऊन त्यांच्या विचलनातून काढलेली शोधमर्यादा मागा, तिथे हातचलाखीला जागा कमी. एलसी-एमएसची अशी चाचणी रेझर्पीनवर होते, ६०९ च्या आयनावर. आपल्या सर्पगंधेतलं अल्कलॉइड जगभरच्या यंत्रांची परीक्षा घेतं, ही मला मुलांना सांगायला आवडणारी गोष्ट.

या प्रमाणित चाचण्यांबरोबर तुमची स्वतःची पाच संयुगं स्वीकृती चाचणीत घाला. प्रत्येक गटाकडून एक मागून घ्या, त्यातलं एखादं मुद्दाम अवघड. तांत्रिक लिफाफा उघडल्यावर कंपनीच्या प्रयोगशाळेत ती चालवून दाखवायची, आणि उपकरण बसल्यावर तुमच्या खोलीत पुन्हा. बोलीपूर्व बैठक जरूर घ्या, तिथे एक कंपनी दुसऱ्या कंपनीच्या उणिवा स्वतःहून सांगते. तुम्ही फक्त लिहून घ्यायचं.

नियमांचं म्हणाल तर २०२० च्या मे महिन्यापासून २०० कोटींच्या आतल्या खरेदीला जागतिक निविदा बंद झाली होती आणि वैज्ञानिक उपकरणांचं घोडं तिथे बराच काळ अडलं होतं. जून २०२५ मध्ये केंद्रीय वित्त मंत्रालयाने वैज्ञानिक उपकरणांसाठी सूट दिली. कुलगुरू आणि संचालकांना २०० कोटींपर्यंतच्या जागतिक निविदेला मान्यता देता येते आणि जेम या सरकारी खरेदी पोर्टलबाहेरही खरेदी करता येते. राज्य विद्यापीठात ही सूट कशी वापरायची, हे मंजुरीपत्रातली खरेदीची अट आणि विद्यापीठाची लेखा संहिता मिळून ठरतं. वित्त व लेखा अधिकाऱ्यांकडून ते लेखी घ्या, तोंडी नको. लेखापरीक्षण चार वर्षांनी येतं, तोवर तोंडी सांगणारे निवृत्त झालेले असतात.

वॉरंटीत दोन ठिकाणं नीट वाचा. ‘बसवल्यापासून तीन वर्षं’ असं लिहून पुढे बारीक अक्षरांत ‘किंवा माल रवाना झाल्यापासून अमुक महिने, यापैकी जे आधी’ असं घातलेलं असतं. खोली तयार नसेल तर वॉरंटी खोक्यातच संपू लागते. ते वाक्य काढायला लावा. दुसरं, सर्वसमावेशक देखभाल करारात टर्बो पंप आहे का ते नाव घेऊन विचारा. फिलामेंट (इलेक्ट्रॉन सोडणारी तार), कॉलम, सेप्टम, लाइनर, पंपाचं तेल हे उपभोग्य म्हणून बाहेर ठेवतात, ते मान्य. पण टर्बो पंप आणि इलेक्ट्रॉन मल्टिप्लायर (आयन टिपणारा भाग) बाहेर ठेवला तर करार घेऊन उपयोग काय? वॉरंटीनंतरच्या पाच वर्षांच्या देखभालीचा दर याच निविदेत मागा आणि एल-१, म्हणजे सर्वांत कमी बोली, ठरवताना तो एकूण किमतीत धरा. नाहीतर पहिल्या दिवशी स्वस्त पडलेलं उपकरण चौथ्या वर्षी तुम्हाला कंपनी म्हणेल तो दर मोजायला लावतं. सर्वसमावेशक करार वर्षाला उपकरणाच्या किमतीच्या ५ ते १० टक्क्यांपर्यंत जातो. एक कोटीच्या उपकरणाला हे पाच-दहा लाख दरवर्षी कुठून येणार, याचं उत्तर नसेल तर खरेदीच करू नका. असा पांढरा हत्ती बऱ्याच विद्यापीठांत उभा आहे.

त्याचं उत्तर सॅम्पलच्या शुल्कात आहे, पण त्यातही एक गाठ आहे. शुल्काचे पैसे विद्यापीठाच्या सर्वसाधारण निधीत गेले की ते परत मिळत नाहीत, आणि पंपाच्या दोन लिटर तेलासाठी तीन दरपत्रकं मागवावी लागतात. म्हणून उपकरण यायच्या आधी व्यवस्थापन परिषदेचा ठराव करून घ्या: शुल्क स्वतंत्र खात्यात जमा होईल, ते याच उपकरणांच्या देखभालीला आणि ऑपरेटरच्या मानधनाला वापरता येईल, आणि विभागप्रमुखांना ठरावीक रकमेपर्यंत परस्पर खर्चाचा अधिकार राहील. उपकरण आल्यावर हा ठराव कोणी करत नाही, कारण तोवर सगळ्यांचा उत्साह ओसरलेला असतो. विभागातल्या मुलांना दर नाममात्र ठेवा, पण फुकट नको. फुकट असलं की मुलं न गाळलेलं, न धुतलेलं सॅम्पल आणून देतात. बाहेरच्यांसाठी उपकरणाची नोंद आय-स्टेम या संशोधन उपकरणांच्या राष्ट्रीय पोर्टलवर करा.

ऑपरेटर हवाच. कंत्राटी असला तरी चालेल, पण त्याच्याबरोबर दरवर्षी दोन पीएच.डी. विद्यार्थी तयार करत राहा, कारण शिकलेला ऑपरेटर दोन वर्षांत औषध कंपनीत जातो आणि त्याला दोषही देता येत नाही. कंपनीचं प्रशिक्षण एकदाच न घेता दोन हप्त्यांत मागा. पहिलं बसवताना, दुसरं सहा महिन्यांनी. सहा महिने वापरल्याशिवाय माणसाला खरे प्रश्न पडत नाहीत.

एलसी-एमएसच्या दारावर एक नियम मोठ्या अक्षरांत लावा: फॉस्फेट बफर नाही, ट्रायएथिलअमाइन नाही. एचपीएलसीवर (द्रवात मिश्रण वेगळं करणाऱ्या नेहमीच्या यंत्रावर) हात बसलेली मुलं सवयीने फॉस्फेट घेऊन येतात. ते उडून जात नाही, सोर्सच्या तोंडावर पांढरं कवच धरतं आणि दिवस सफाईत जातो. ट्रायएथिलअमाइन त्याहून चिवट. एकदा आत गेलं की १०२ चा आयन पॉझिटिव्ह मोडमध्ये (धनभारित आयन मोजताना) कित्येक दिवस प्रत्येकाच्या स्पेक्ट्रममध्ये हजेरी लावतो आणि बाकीचे सिग्नल दाबून टाकतो. अमोनियम ॲसिटेट, अमोनियम फॉर्मेट किंवा थोडं फॉर्मिक ॲसिड वापरा, म्हणजे काम निभतं.

आता शिकवण्याचं, कारण तुमच्या प्रश्नातला मला सर्वांत आवडलेला भाग तोच. चार तासांचं प्रात्यक्षिक आणि अर्ध्या तासाची एक रन, म्हणजे जेमतेम आठ रन होतात. बारा जणांच्या तुकडीत जोडीजोडीने सहा सॅम्पल सहज बसतात. लवंग तेल घ्या, मुलं ते बाष्प ऊर्ध्वपातनाने स्वतःच काढतात. हेक्झेनमध्ये पातळ करून १ मायक्रोलिटर सोडा. पहिली तीन-चार मिनिटं फिलामेंट बंद का ठेवायचा, हे इंजेक्शनच्या आधी त्यांच्याकडूनच वदवून घ्या. सॉल्व्हंटची लाट येत असताना तो चालू राहिला तर जळतो.

क्रोमॅटोग्राममध्ये (कोणतं संयुग केव्हा बाहेर आलं त्याच्या आलेखात) युजेनॉलचा मोठा पीक येतो, आयन १६४. मग कॅरिओफायलीन, २०४. त्यानंतर आणखी एक पीक येतो, त्यातही सर्वांत मोठा आयन १६४. मुलं म्हणतात, सर, हे पुन्हा युजेनॉलच. त्यांना स्पेक्ट्रमच्या उजव्या टोकाला बारकाईने पाहायला सांगा. तिथे २०६ चा बारीक आयन असतो. हे युजेनिल ॲसिटेट. त्यातून ४२ चं कीटीन निघून गेलं की १६४ उरतं. त्याच दिवशी पॅरासिटामॉलची गोळी मेथॅनॉलमध्ये विरघळवून, गाळून, भरपूर पातळ करून एलसी-एमएसवर द्या. १५२ चा आयन, सोडियमसह १७४, आणि कोन व्होल्टेज (सोर्समध्ये आयन फोडणारा व्होल्टेज) वाढवला की ११०. पुन्हा ४२, पुन्हा कीटीन. एका यंत्रात इलेक्ट्रॉनचा मारा, दुसऱ्यात प्रोटॉन चिकटवणं, आणि दोन्हीकडे ॲसिटिल गट एकाच वाटेने निघतो. पुस्तकातली चार पानं यात होतात.

लायब्ररीवर मुलांचा आंधळा विश्वास बसतो, तो याच तेलावर मोडता येतो. नवी लायब्ररी साडेतीन लाखांच्या आसपास संयुगांची आहे, पण युजेनॉल आणि आयसोयुजेनॉल यांचे ईआय स्पेक्ट्रम इतके सारखे असतात की दोन्ही नावं वरच्या क्रमांकांत येतात. निर्णय रिटेन्शन इंडेक्सवर, म्हणजे संयुग कॉलममधून केव्हा बाहेर येतं त्या अंकावर, होतो. अल्केन्सचं मिश्रण चालवून तो काढायला लावा.

ट्यूनिंगही मुलांसमोर करा, ऑपरेटरने सकाळी उरकून ठेवू नये. पीएफटीबीए या माप लावायच्या प्रमाणित द्रवाचे ६९, २१९, ५०२ हे आयन दिसले की वस्तुमानाचं माप लागलं. मग १८ (पाणी), २८ आणि ३२ (ऑक्सिजन) पाहा. २८ आणि ३२ साधारण चारास एक या प्रमाणात चढलेले दिसले तर कुठेतरी हवा गळतेय. इथे थांबून विचारा, हे २८ म्हणजे नायट्रोजनच कशावरून? कार्बन मोनॉक्साइड २७.९९४९, नायट्रोजन २८.००६१, इथिलीन २८.०३१३. हे यंत्र तिन्हींना २८ च म्हणणार. सोबतचा ३२ आणि त्यांचं प्रमाण पाहूनच आपण हवा म्हणतो. रिझोल्यूशन म्हणजे काय, आणि ते नसताना डोकं कसं चालवायचं, दोन्ही एकदम कळतं. क्यूटॉफ घेतला असता तर हे विचारायची वेळच आली नसती, असं चौघांपैकी कोणी म्हणेल. म्हणू द्या.

शिकवण्यासाठी आणखी एक अट निविदेत घाला: डेटा पाहायच्या सॉफ्टवेअरचे निदान दहा स्वतंत्र परवाने, आणि फाइल एमझेडएमएल या खुल्या स्वरूपात काढायची सोय. रन एका संगणकावर होते, पण विचार दहा ठिकाणी व्हायला हवा. परवाने मिळाले नाहीत तर एमझेडमाइनसारखं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यावर चांगला तास घेता येतो.

राहिला कंपनीचा फुकटचा एलसी-एमएस. मॉडेलचं नाव कळवून उत्पादकाकडून लेखी विचारा की सुटे भाग आणि सेवा कोणत्या वर्षापर्यंत मिळतील. उत्पादन बंद झाल्यावर साधारण सात-दहा वर्षांनी पाठबळ संपतं, आणि औषध कंपन्या यंत्रं काढतात ती बहुतेक त्याच सुमाराला. पाठबळ संपलेलं असेल तर संशोधनासाठी घेऊ नका. त्याचा संगणक ज्या जुन्या विंडोजवर चालतो तो बिघडला की यंत्र धड असूनही बंद, आणि देणगी म्हणून नोंदवहीत चढलेलं यंत्र भंगारात काढायला पुन्हा समिती लागते. पण खोलून दाखवायला म्हणून जरूर घ्या, देणगीपत्रात तसं स्पष्ट लिहून. चार क्वाड्रुपोल दांड्या, सोर्स, स्किमर, टर्बो पंपाची पाती, सगळं टेबलावर मांडा आणि एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला ते हातमोजे घालून पुन्हा जोडायला सांगा. वाहतुकीचा खर्च कंपनीने द्यावा, ही अट मात्र आधी घाला.